मोटरहोमच्या शेपटीवरचं ओझं: वेट डिस्ट्रिब्यूशन हिच कधी लावायचा, कधी नाही

(भागाचं लिखित रूप. बोलताना झालेली पुनरावृत्ती काढली आहे, बाकी बोलले तसंच ठेवलंय.)



आजचा विषय जरा लोखंडी आहे, पण अमेरिकेत राहून सुट्टीत मोटरहोम घेऊन फिरणाऱ्या आपल्या बऱ्याच श्रोत्यांच्या कामाचा आहे. प्रश्न असा, की मोटरहोमच्या मागे ट्रेलर जोडायचा असेल तर वेट डिस्ट्रिब्यूशन हिच लावावा का? इंटरनेटवर विचारलंत तर निम्मे लोक म्हणतात "लावल्याशिवाय रस्त्यावर उतरूच नका", आणि निम्मे म्हणतात "मोटरहोमला तो चालतच नाही". दोघंही आपापल्या गाडीपुरते बरोबर असतात. तुमच्या गाडीचं उत्तर तुमच्या गाडीखाली एका स्टिकरवर लिहिलेलं असतं. ते कसं वाचायचं आणि तिथे जे लिहिलंय ते तसं का लिहिलंय, हे आज बघू.

मी सॉफ्टवेअर इंजिनियर आहे. बीटेक कॉम्प्युटरमध्ये केलंय, मेकॅनिकलमध्ये नाही, त्यामुळे मी गाडी दुरुस्त करणारी नव्हे, आकडे बघणारी बाई आहे. हा विषय माझ्याकडे आला तो आमच्या ढोल-ताशा पथकामुळे. आम्ही ओहायोत. शिकागोजवळच्या एका गणेशोत्सवाच्या मिरवणुकीत वाजवायला जायचं होतं, जाताना साधारण साडेतीनशे मैल. पथकातल्या एका काकांनी त्यांचं मोटरहोम देऊ केलं. एकतीस फुटी, क्लास सी, म्हणजे ड्रायव्हरच्या डोक्यावर बेड असतो ती जात, फोर्ड ई-४५० च्या चासीवर बांधलेली. त्याच्यामागे बारा फुटी बंद ट्रेलर, आणि त्यात ढोल, ताशे, ध्वज, जनरेटर, पाण्याच्या बाटल्यांचे खोके. मोटरहोममध्ये सहा माणसं. हे सगळं नीट पोचवण्याची जबाबदारी माझ्यावर.

उलाळ गाडी

आधी दुखणं काय आहे ते बघू. ज्यांच्या घरी बैलगाडी होती त्यांना हे एका शब्दात कळेल: उलाळ. दोन चाकांच्या गाडीत ओझं मागे जास्त झालं की गाडी उलाळते, पुढचं जू वर उचललं जातं, बैलांच्या गळ्याला फास बसतो. ओझं पुढे जास्त झालं तर जू खांद्यावर दाबतं. म्हणून जाणता गाडीवान पोती रचतानाच तोल बघतो.

ट्रेलरचं तसंच आहे. ट्रेलरचा पुढचा दांडा, ज्याला टंग म्हणतात, तो मोटरहोमच्या मागच्या बॉलवर टेकतो. टेकताना जितकं वजन खाली देतो ते टंग वेट. ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के टंग वेट असावं, हा सर्वसाधारण नियम. त्याहून कमी ठेवलं तर ट्रेलर हायवेवर शेपूट हलवायला लागतो, आणि ते फार वाईट. म्हणजे टंग वेट हवंच. प्रश्न एवढाच, की ते मोटरहोमला काय करतं.

मोटरहोमची बाजूने बघितलेली आकृती डोळ्यासमोर आणा. पुढचा ॲक्सल, मागचा ॲक्सल, दोघांत अठरा फूट अंतर. मागच्या ॲक्सलच्या मागे मात्र गाडी संपत नाही. अजून दहा फूट शेपूट आहे: बेडरूम, स्टोरेज. त्या शेपटीच्या टोकाला बॉल. आता टोकावर ५२० पाउंड ठेवले. मागचा ॲक्सल म्हणजे सी-सॉचा मधला टेकू. मागे दहा फुटांवर ५२० पाउंड, पुढे अठरा फुटांवर पुढची चाकं. ५२० गुणिले १०, भागिले १८, म्हणजे सुमारे २९० पाउंड पुढच्या चाकांवरून उचलले जातात. ते कुठे जातात? मागच्या ॲक्सलवर. त्याच्यावर ५२० अधिक २९०, असे ८१० पाउंड चढतात.

हे नीट ऐका, कारण इथेच बरेच जण फसतात. बॉलवर ५२० ठेवले म्हणजे मागच्या ॲक्सलवर ५२० चढले, असं नाही. ८१० चढले.

तुलनेला पिकअप घ्या. दोन ॲक्सलमध्ये बारा फूट, मागच्या ॲक्सलपासून बॉल चार फुटांवर. तेच ५२० पाउंड तिथे पुढून फक्त १७० च्या आसपास उचलतात. म्हणजे लांबलचक मोटरहोम दिसायला दणकट असलं तरी या बाबतीत पिकअपपेक्षा नाजूक आहे, आणि ते शेपटीमुळे.

पुढची चाकं हलकी झाली तर बिघडतं काय? स्टीअरिंग तरंगल्यासारखं लागतं. पुढच्या टायरांची पकड कमी, त्यामुळे वळणाला आणि ब्रेकला प्रतिसाद कमी. हेडलाइट वर बघायला लागतात. आमचा रस्ता इंडियानातून जाणार होता. आय-६५ वर लाफायेटच्या उत्तरेला पवनचक्क्यांचं रान आहे. पवनचक्क्या उगाच तिथे लावलेल्या नाहीत. उघडं माळरान, आडवा वारा. एकतीस फुटांची भिंत घेऊन जाताना पुढची चाकं हलकी असणं तिथे परवडत नाही.

हिच नेमकं करतो काय

वेट डिस्ट्रिब्यूशन हिचमध्ये नेहमीच्या बॉलसोबत दोन जाड पोलादी स्प्रिंग बार असतात. त्यांचं एक टोक हिचच्या डोक्यात बसतं, दुसरं टोक मागे ट्रेलरच्या दांड्याला साखळीने किंवा ब्रॅकेटने ताणून अडकवतात. ताणलं की बार वाकतात आणि सरळ व्हायची धडपड करतात. एकचाकी हातगाडीचे दांडे दोन्ही हातांनी उचलल्यावर पुढचं चाक जमिनीवर दाबलं जातं ना, तसंच हे बार मोटरहोमची शेपूट वर उचलू बघतात आणि पुढची चाकं खाली दाबली जातात. थोडं वजन मागे ट्रेलरच्या चाकांवरही जातं. मधला बिचारा मागचा ॲक्सल मोकळा होतो.

माझ्या धंद्यातल्या भाषेत सांगायचं तर हा लोड बॅलन्सर आहे. आलेलं काम तीन सर्व्हरांत वाटतो. पण लोड बॅलन्सर लावल्याने काम कमी होत नाही, आणि सर्व्हरची ताकदही वाढत नाही. मोटरहोमची, ट्रेलरची, टायरची जी मर्यादा छापलेली आहे ती हिच लावल्यावरही तीच राहते.

मग लावायला हरकत काय? तर वजन वाटण्याची ही ताकद हिच कुठून आणतो ते बघा. तो रिसीव्हरला, म्हणजे गाडीच्या मागच्या चौकोनी तोंडाला, पिळतो. आमच्या आकड्यांवर हिशोब केला. ट्रेलरच्या बॉलपासून त्याच्या चाकांपर्यंत अंतर साधारण अकरा फूट. पुढच्या चाकांवरचे गेलेले २९० पाउंड पूर्ण परत आणायचे असतील तर रिसीव्हरवर सुमारे २,७०० पाउंड-फूट इतका पीळ द्यावा लागतो. त्याच ट्रेलरसाठी पिकअपला सुमारे १,५०० पुरतात. शेपूट लांब, म्हणून पीळ जास्त.

आता तो पीळ बसतो कुठे? क्लास सी मोटरहोममध्ये फोर्डची मूळ चासी शेपटीच्या टोकापर्यंत बहुतेक वेळा येत नाही. मोटरहोम बांधणारा त्या चासीच्या मागे लोखंडी पट्ट्या जोडून ती लांबवतो. बोल्ट मारून किंवा वेल्ड करून. त्याला फ्रेम एक्स्टेंशन म्हणतात. घर त्याच्यावर उभं असतं आणि रिसीव्हरही बहुधा त्यालाच टांगलेला असतो.

साधा बॉल असताना खाली दाबणाऱ्या वजनाचा वाकवण्याचा जोर टोकाला जवळजवळ शून्य असतो आणि पुढे मागच्या ॲक्सलपाशी सगळ्यात जास्त होतो. तिथे मूळ चासी असते, सहसा दणकट. हिच लावला की चित्र उलटतं. मागच्या ॲक्सलपाशी जोर कमी होतो, पण शेपटीच्या टोकाला, त्या जोडलेल्या पट्ट्यांवर, अख्खा २,७०० चा पीळ बसतो. आणि तो एकसारखा बसत नाही. प्रत्येक खड्ड्याला, पेट्रोल पंपाच्या प्रत्येक उताराला कमी-जास्त होतो. लोखंड अशा वारंवार वाकण्यानेच थकतं आणि वेल्डपाशी तडकतं.

म्हणजे बघा, ज्या लांब शेपटीमुळे मोटरहोमला या हिचची सगळ्यात जास्त गरज पडते, त्याच शेपटीला तो सगळ्यात कमी झेपतो. म्हणून अनेक मोटरहोम उत्पादक मॅन्युअलमध्ये सरळ लिहितात की हा हिच वापरू नका. काही उत्पादक रिसीव्हर त्यासाठीच बांधतात आणि परवानगी देतात. अंदाजाने ठरवायची ही गोष्ट नाही.

स्टिकर वाचा

गाडीच्या मागे खाली वाका. रिसीव्हरवर स्टिकर किंवा ठोकलेली पट्टी असते. तिच्यावर दोन प्रकारचे आकडे असू शकतात. पहिला "वेट कॅरिइंग": साध्या बॉलवर किती वजनाचा ट्रेलर आणि किती टंग वेट. दुसरा "वेट डिस्ट्रिब्यूटिंग": हा हिच लावल्यास किती. दुसरी ओळ नसेल, तर तिथे हा हिच लावायला परवानगी नाही असंच धरायचं. ओळ असली तरी मोटरहोमचं मॅन्युअल वेगळं बघायचं, कारण रिसीव्हर बनवणारा त्याच्या मागच्या पट्ट्यांची हमी देत नाही. दोघांपैकी जो कमी आकडा सांगेल तो खरा.

काकांच्या गाडीवर एकच ओळ होती. वेट कॅरिइंग, ट्रेलर ५,००० पाउंड, टंग ५००. दुसरी ओळ नाही. मॅन्युअलमध्येही परवानगी नाही.

काट्यावर काय दिसलं

ट्रक स्टॉपवर कॅट स्केल असतो, तिथे वजन केलं. त्याचे वेगवेगळे पट्टे असतात, त्यामुळे पुढचा ॲक्सल, मागचा ॲक्सल आणि ट्रेलर यांची वजनं वेगळी मिळतात. आकडे वीस-वीस पाउंडांच्या पायरीने येतात, आपल्या कामाला पुरेसं आहे.

नुसतं मोटरहोम, माणसं आणि पाण्याची टाकी भरून: पुढे ३,९८०, मागे ८,७६०.

ट्रेलर जोडून: पुढे ३,७००, मागे ९,५६०, ट्रेलरची चाकं ३,३८०.

मागच्या ॲक्सलची स्टिकरवरची मर्यादा ९,४५०. म्हणजे ११० पाउंड वर. टंग वेट ५२०, तेही रिसीव्हरच्या ५०० च्या वर. आणि गंमत अशी, की सगळं मिळून वजन १६,६४०, तर या गाडीची एकूण ओढण्याची मर्यादा २२,०००. इंजिनाला काहीच अडचण नाही. ब्रोशरमध्ये मोठ्या अक्षरात इंजिनाचा आकडा असतो, अडचण येते ती ॲक्सलपाशी आणि शेपटीपाशी.

काका म्हणाले, "अगं, मग तो बारवाला हिच लाव ना. मागचं वजन उतरेल, पुढचं खाली बसेल."

म्हटलं, "काका, बसेल. पण ज्या रिसीव्हरला पिळून ते बसवायचं, त्याच्यावर ती ओळच नाहीये."

"एवढी वर्षं लोक लावतायत ते?"

"त्यांच्या रिसीव्हरवर ती ओळ असेल, काका. आपल्यावर नाही. आत सहा माणसं असणार आहेत."

काका थोडे नाराज झाले, साहजिक आहे, गाडी त्यांची. मग आम्ही मिळून बैलगाडीवाला उपाय केला. पाण्याची टाकी मागच्या बेडखाली, बरोबर ॲक्सलवर. ३५ गॅलन पाणी म्हणजे जवळजवळ २९० पाउंड. शिकागोला नळ आहे, पाणी इथून न्यायची गरज नाही. टाकी रिकामी केली. ट्रेलरमध्ये जनरेटर अगदी पुढे होता, तो मागे सरकवून चाकांच्या वर आणला आणि ढोल दोन्ही बाजूंना सारखे बांधले. मागे ढकलताना एक भान ठेवलं: टंग वेट १० टक्क्यांच्या खाली जाऊ द्यायचं नाही, नाहीतर ट्रेलर उलाळतो आणि शेपूट हलवतो.

परत काट्यावर. पुढे ३,७४०, मागे ९,१२०, ट्रेलर ३,४८०. मागचा ॲक्सल मर्यादेच्या ३३० पाउंड खाली आला. टंग वेट ४२० च्या आसपास, म्हणजे ट्रेलरच्या ११ टक्क्यांजवळ, आणि ५०० च्या आत. पुढची चाकं तरीही एकट्या गाडीपेक्षा २४० पाउंडांनी हलकी होती. ते काही आम्ही जादूने परत आणलं नाही. म्हणून दोन गोष्टी ठरवल्या. वेग ताशी साठ मैलांच्या आत. आणि निघायच्या दिवशी इंडियानात जोराच्या वाऱ्याचा इशारा असेल तर ट्रेलर पथकातल्या एकाच्या पिकअपमागे लावायचा, त्याच्या रिसीव्हरवर दोन्ही ओळी आहेत. वारा साधाच निघाला, मोटरहोमच गेलं, ढोल पोचले, मिरवणूक झाली.

परवानगी असेल तर

तुमच्या स्टिकरवर दुसरी ओळ असेल आणि मॅन्युअलही हो म्हणत असेल, तर जरूर लावा. मग चार गोष्टी सांभाळा.

एक, बार तुमच्या टंग वेटला साजेसे घ्या. गरजेपेक्षा फार कडक बार घेतले तर प्रत्येक खड्ड्याचा हिसका थेट फ्रेमला बसतो.

दोन, गाडी प्रवासाला निघेल तशी भरून, सपाट जागेवर बसवा. बार अडकवताना ट्रेलरच्या जॅकने दोन्ही गाड्यांची जोडी वर उचला, म्हणजे ताण कमी होतो. ताणलेला बार सुटला तर हाड मोडू शकतो, तोंड आणि हात त्याच्या वाटेत नको.

तीन, काट्यावर तीनदा वजन करा: नुसतं मोटरहोम, ट्रेलर जोडून बार सैल, आणि बार ताणून. तिसऱ्या वेळी पुढचं वजन किती परत आलं ते दिसतं. पूर्ण परत आणायच्या हट्टाला पडू नका. काही पिकअपच्या मॅन्युअलमध्ये तर अर्धंच परत आणा असं लिहिलेलं असतं. जास्त ताणलं तर मागची चाकं हलकी होतात आणि वळणावर मागची बाजू घसरू शकते. तुमचं मॅन्युअल जे म्हणेल ते.

चार, खोल उताराच्या पंपावर किंवा ड्राइव्हवेवर मोटरहोमची शेपूट आणि ट्रेलर यांच्यात मोठा कोन होतो, तेव्हा बारवर प्रचंड ताण येतो. अशा जागा टाळा. आणि वर्षातून एकदा तरी गाडीखाली टॉर्च घेऊन जा. एक्स्टेंशनच्या जोडापाशी रंग तडकलाय का, गंजाची बारीक रेघ आलीय का, बोल्ट हललाय का. काही दिसलं तर फ्रेमचं काम करणाऱ्याला दाखवा.

एअर सस्पेंशनच्या मोठ्या डिझेल गाड्यांना हवेच्या पिशव्या उंची आपोआप सारखी करतात, त्यामुळे नुसती उंची मोजून हिच सेट करता येत नाही. तिथे उत्पादकाची पद्धतच पाळायची आणि काट्यावर विश्वास ठेवायचा.

दोन गैरसमज

मोटरहोममागे छोटी कार चारही चाकांवर ओढत नेतात, तिला इथे टोड म्हणतात. तिला हा हिच लागत नाही. कार स्वतःच्या चार चाकांवर उभी असते, बॉलवर सांगण्यासारखं वजन येतच नाही.

दुसरं, वजन वाटणं आणि ट्रेलरचं हलणं थांबवणं ही दोन वेगळी कामं आहेत. काही हिच दोन्ही करतात, सगळे करत नाहीत. ट्रेलर डुलायला लागला तर स्टीअरिंग सरळ धरा, पाय ॲक्सिलरेटरवरून अलगद काढा, मोटरहोमचा ब्रेक दाबून ठेवू नका. ट्रेलरच्या इलेक्ट्रिक ब्रेकचा कंट्रोलर असेल तर फक्त ट्रेलरचा ब्रेक हाताने लावा. आणि थांबल्यावर सामान परत रचा, कारण मूळ दुखणं बहुतेकदा तिथेच असतं.

तर मंडळी, क्रम लक्षात ठेवा. आधी स्टिकर, मग मॅन्युअल, मग काटा, मग सामानाची रचना, आणि हिचची खरेदी सगळ्यात शेवटी. दुकानात विकणारा तुम्हाला उलट क्रमाने नेईल.

तुमच्या रिसीव्हरवर काय लिहिलंय ते बघून कळवा, विशेषतः दुसरी ओळ असेल तर कुठल्या चासीवरची गाडी आहे तेही लिहा, इतरांच्या उपयोगाला येईल. पुढच्या भागात ट्रेलरच्या ब्रेकबद्दल बोलू. तोपर्यंत सांभाळून चालवा. भेटू.